काडीची मागची बाजू

१

आमच्या घरात दिवसाची सुरुवात पेन्सिलीला टोक करण्यापासून होते.

आमचा धंदा हंगामी फुलांचा. ऑफिसांच्या दारातले वाफे, दवाखान्याच्या पायऱ्यांवरच्या कुंड्या, शाळेच्या फाटकाजवळचं गोल आळं, सगळीकडे आमचीच फुलं. झेंडू, पिटुनिया, झिनिया, कॉसमॉस. मागच्या अंगणात हिरव्या जाळीखाली रोपं वाढतात. आमचे हे ती टेम्पोतून नेऊन लावतात, हंगाम सरला की उपटून आणतात आणि त्या जागी दुसरी लावतात. कुणाच्या दारात उदास माती म्हणून दिसायची नाही, असं ह्यांचं म्हणणं.

प्रत्येक ट्रेला, प्रत्येक कुंडीला एक काडी खोचलेली असते. आइस्क्रीमची काडी, धुऊन वाळवलेली. शाई पाण्यानं जाते, शिसपेन्सिल जात नाही, म्हणून पेन्सिल. लिहायचं काम माझ्याकडे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण अक्षर काही सुटलं नाही. ते अजून बाईंनी शाबासकी द्यावी असंच येतं.

काडीच्या पुढच्या बाजूला फुलाचं नाव आणि पेरल्याची तारीख. मागच्या बाजूला उपटायची तारीख. आणि ती पेरतानाच लिहायची, हा सासूबाईंचा नियम. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, "आई, अजून बी मातीत पडलं नाही आणि जायची तारीख आधीच?"

"फुललेल्या झाडापुढे उभं राहून तारीख ठरत नसते गं," त्या म्हणाल्या. "अजून दोन दिवस, अजून दोन दिवस करत आपण बसतो आणि तिकडे पुढचं रोप ट्रेमध्ये पिवळं पडतं. हात मऊ पडायच्या आत लिहून मोकळं व्हावं."

आता माझ्या हाताला इतकी सवय झाली आहे की पुढची बाजू लिहून झाली की काडी आपोआप उलटते. डोकं दुसरीकडे असलं तरी.

आणि माझं डोकं बहुतेक दुसरीकडेच असतं. म्हणजे भिंगरीकडे. भिंगरी माझी मुलगी, तीन वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी. ती शिंकली की मी तिच्या कपाळाला दोनदा हात लावते, झोपली की नाकापुढे बोट धरते. माझी नणंद ऑर्डरींचे फोन घेते आणि उरलेल्या वेळात घरभर बातम्या देते, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. ती म्हणते, "वहिनी, पोरीचे श्वास मोजता मोजता तुझे घ्यायला वेळ उरतो का गं?"

हसतात सगळे. मीही हसते. मग पुन्हा जाऊन बोट धरून येते.

२

त्या बुधवारी तीस छोट्या कुंड्या हव्या होत्या आणि आमच्याकडे भरत होत्या एकोणतीस. पाण्याच्या टाकीमागे जुन्या कुंड्यांचा ढीग आहे, तो मी उपसायला घेतला. भिंगरी आतल्या खोलीत कपड्यांचे चिमटे मोजत होती. "एक, दोन, तीन, पाच, सहा." चार तिला आवडत नाही, ती तो गाळते.

ढिगाच्या तळाशी एका कुंडीत झाड होतं. जिवंत, वीतभर, हिरवंगार. तिथं ना ऊन, ना पाणी. पानं झिनियासारखी खरबरीत नव्हती, पिटुनियासारखी चिकटही नव्हती. आणि शेजारी काडी.

'भिंगरी,' काडीवर लिहिलं होतं. खाली तिच्या जन्माची तारीख.

मला खुदकन हसू आलं. आठवलं सगळं. बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आले, त्या दिवशी दारातच रेडिओ म्हणाली होती, "घरात नवीन रोप आलं आणि काडी नाही? हा काय कारभार?" मग मी खाटेवर बसल्या बसल्या काडी लिहिली. पोरगी पहिल्या दिवसापासून हातपाय नाचवायची, तेव्हाच ते नाव पडलं. रेडिओनं काडी एका रिकाम्या कुंडीत खोचली, सगळे पोट धरून हसले, आणि नंतर दुपट्यांच्या गडबडीत ती कुंडी कुठे गेली कुणाला ठाऊक.

मी काडी पुसून ओच्यात टाकणार, तेवढ्यात ती बोटांत उलटली.

मागच्या बाजूला तारीख होती. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. आणि साल. ह्या वर्षाचं.

आम्ही काडीवर साल कधीच लिहीत नाही. कशाला लिहू? हंगामी फूल सालभर जगतंय कुठे?

अक्षर माझं होतं. माझा आठ खाली जरा पोट सुटल्यासारखा येतो, तो तसाच आला होता.

३

माणसानं आधी अक्कल वापरावी. मी वापरली. बाळंतपणातून नुकती उठलेली बाई, झोप नाही, डोळे चुरचुरतायत, हाताला सवय. हात उलटला, काहीतरी खरडलं. आकडेच ते, काहीही पडले असतील. मी खोडरबर घेऊन तारीख पुसली. पेन्सिल गेली, पण दाबून लिहिलेलं असल्यामुळे लाकडात खाचा तशाच राहिल्या. तिरकी धरली की वाचता येत होती.

काडी रेडिओला दाखवली. "अय्या, ही अजून आहे?" ती म्हणाली. मागची बाजू पाहून म्हणाली, "वहिनी, गुरुवारी काय आहे? कुणी यायचंय का?"

"कुणी नाही."

"मग दात घासून ठेव तिचे. फोटोबिटो असेल."

सासूबाईंना झाड दाखवलं. दोन पानांवर असलेलं रोप बघून त्या फुलाचा रंग सांगतात, अशी त्यांची ख्याती. त्यांनी पान चुरगळून वास घेतला, चष्मा लावला, काढला. "नाही बाई ओळखत. असेल कुठलं आगंतुक."

एवढ्यात हे आले. "अगं, तिसावी कुंडी हीच का? कर की रिकामी," असं म्हणत त्यांनी खाली वाकून झाड बुंध्याशी धरलं आणि जरासं ओढलं.

आत चिमट्यांचा हिशेब चालला होता. "एक, दोन, तीन, पा"

आणि थांबला.

गप्प. नळाखालच्या बादलीत पडणारा थेंब ऐकू आला. मग दुसरा.

"सोडा!" मी ओरडले. ह्यांनी दचकून हात काढला.

"च, सहा, सात," आतून आवाज आला.

"काय झालं गं?" हे म्हणाले.

"काही नाही. मला वाटलं विंचू आहे."

मी धावत आत गेले. भिंगरी चिमटा हातात धरून बसली होती, गाल गुलाबी, अगदी ठणठणीत. "काय गं, मध्येच का थांबलीस?"

"कुठे थांबले? मोजतेय ना," ती वैतागून म्हणाली. "मध्ये मध्ये बोलू नको, आई."

दुपारी झिनियाच्या नव्या ट्रेंसाठी काड्या लिहिल्या, पन्नास. मन लावून लिहिल्या, कारण मला दुसरं काही आठवायचं नव्हतं. संध्याकाळी हे त्या हातात धरून हसत हसत स्वयंपाकघरात आले.

"हे काय नवीन खूळ? आज पेरायचं आणि पुढच्या गुरुवारी उपटायचं?"

पन्नासच्या पन्नास काड्यांवर तीच तारीख होती. सालासकट.

४

ते आठ दिवस घरात फार करमणुकीचे गेले. मला सोडून सगळ्यांचे.

टाकीच्या झाकणावर मी दगड ठेवला. इस्त्री माळ्यावर टाकली. शेंगदाणा, फुटाणा, मणी, बटण, घशात अडकेल असं जे जे दिसलं ते उचललं. भिंगरीला कडेवर घेऊन रोपांना पाणी घातलं, कडेवर घेऊन पीठ मळलं. ह्यांनी रेडिओला विचारलं, "ही पोरगी आहे की हिचा डावा हात?" सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मन चिंती ते वैरी न चिंती. सूनबाई, जरा बस."

मंगळवारी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती पाहिली, कान पाहिले, जीभ पाहिली. भिंगरीनं त्यांचीही जीभ पाहिली. "मुलगी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही देऊ का, झोपेसाठी?"

काडीचं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? माझ्याच अक्षराची मला भीती वाटते म्हणून?

झाडाला मात्र रोज बघून येत होते. शनिवारी शेंड्याला एक कळी आली. सोमवारी ती वाटाण्याएवढी झाली. बुधवारी तिच्या टोकाला केसाएवढी भेग पडली आणि आत काहीतरी रंग आहे एवढं दिसलं.

गुरुवारी उजाडलं तेव्हा पोरगी पांघरुणात गाढ झोपली होती. मी नाकापुढे बोट धरलं. श्वास होता, पण इतका लांब लांब, की दोन श्वासांच्या मध्ये मला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येत होते. मी अंगणात गेले. दव पडलं होतं, झेंडू नुसता पेटल्यासारखा फुलला होता, पिटुनिया कुंडीबाहेर सांडत होता. इतकी सुंदर सकाळ मी वर्षात पाहिली नसेल. आणि टाकीमागची कळी उमलायला लागली होती. डोळ्यांदेखत.

मला त्या क्षणी सासूबाईंचं एकच वाक्य आठवलं, फुलं खुडायला शिकवताना सांगितलेलं. "हंगामी झाडाला एकदा फुलून बी धरू दिलं की त्याला कळतं, आपलं काम झालं. मग पाणी घाल नाहीतर दूध घाल, ते जातंच. त्याचं काम शिल्लक ठेवायचं. म्हणजे राहतं."

मी कळी नखानं खुडली.

घरातून आवाज आला, "आई! शू!"

तशी हाक ऐकून कुणी रडलं असेल का? मी रडले. धावत गेले, तिला उचललं, सगळीकडून मुके घेतले, आणि त्या गडबडीत उशीर झाला तो झालाच. रेडिओनं फडकं आणून दिलं.

दुपारी काडी उलटून पाहिली. खाचा बुजल्या होत्या. त्यावर शुक्रवारची तारीख होती, ठळक, ताजी. माझ्या अंगठ्याला शिसं लागलेलं होतं, आणि ओच्यातल्या पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं. म्हणजे मीच लिहिली असणार. लिहिल्याचं आठवत नव्हतं, एवढंच.

५

शेंडा खुडला की झाडाला खालून दोन फुटवे येतात. हे कुंडीत फूल लावणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, त्यासाठीच तर खुडतात. झाड उंच होत नाही, पसरतं, भरगच्च होतं. शुक्रवारी दोन कळ्या होत्या. खुडल्या. काडीवर शनिवार आला.

महिन्याभरानं मी मोजणं सोडलं. पहाट फुटली की टाकीमागे स्टूल टाकून बसायचं, पानं उचलून उचलून बघायचं, आणि एकही कळी सुटू द्यायची नाही. झाड मोठ्या कुंडीत हलवलं, मग त्याहून मोठ्या. हे म्हणाले, "आपल्याकडे एवढी भरलेली कुंडी दुसरी नाही. फुलली की बँकेच्या दारात ठेवू."

"फुलायची नाही," मी म्हटलं.

"का?"

"जात तशी आहे."

आणि खरं सांगू, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे होते. भीती होती, पण तिला आता काम लागलं होतं. खुडून झालं की दिवस माझा. पोरगी हसती खेळती, ना ताप, ना खोकला. शेजारपाजारची मुलं सर्दीनं लाल झाली तेव्हाही हिचं नाक कोरडं. रेडिओ म्हणाली, "वहिनी, तू चक्क गाणं म्हणतेयस. दोन्ही सूर लागले आज."

रविवारी मी भिंगरीची नखं कापते. एका रविवारी कात्री घेऊन बसले आणि तिचा हात हातात धरला, तर कापायला काही नव्हतं. चावत असेल. पुढच्या रविवारी नव्हतं. त्याच्या पुढच्याही. चावत असेल म्हणून मी तिच्यावर लक्ष ठेवलं. चावत नव्हती.

मग एकेक दिसायला लागलं. उन्हाळ्यात अंगाला बसेल म्हणून बाजूला काढलेला फ्रॉक उन्हाळा सरला तरी सैलच. चिमटे रोज मोजायची, रोज चार गाळायची, आणि मी "चार" शिकवला की नव्यानं नवल करायची. "चार? हा कोण?" रोज. तेच नवल, तेच डोळे.

मूल आहे, म्हटलं मी. विसरतात मुलं.

६

हंगाम बदलला. सगळे वाफे उपटले, कुंड्या पालथ्या केल्या, नवी माती भरली. टाकीमागची तेवढी राहिली. सासूबाई एका सकाळी माझ्याजवळ येऊन बसल्या. मी खुडत होते, त्या बघत होत्या.

"हात दुखत नाहीत?" त्या म्हणाल्या.

"सवय झाली."

"फुलझाड फुलू दिलं नाहीस, तर मग ती पालेभाजीच की गं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. अंगणात भिंगरी स्वतःभोवती गिरक्या घेत होती. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पलीकडच्या घरातली धाकटी हिच्याहून चार महिन्यांनी लहान ना? काल दोघी शेजारी उभ्या होत्या." थोड्या वेळानं म्हणाल्या, "रोज शेंडा मोडलेल्या झाडाला उंची कशी यावी?"

"मी झाडाचं बघतेय, आई."

"मीही झाडाचंच बोलतेय," असं म्हणून त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

रात्रभर मी हिशेब मांडला. काय लिहिलं होतं काडीवर? जाण्याची तारीख. पण कुठे जाण्याची, ते लिहिलंय का कुठे? उपटलेलं रोप आम्ही काही दर वेळी टाकून देत नाही. एका वाफ्यातून काढून दुसऱ्या वाफ्यातही लावतो. मुली मोठ्या होतात, घराबाहेर पडतात, त्यालाही जाणंच म्हणतात. मी वेडी, मेलं एकच जाणं धरून बसले. उजाडेपर्यंत माझं पक्कं झालं. एक कळी ठेवायची. एकच. हात लावायचा नाही.

७

भिंगरीला सोबत नेलं. ती माझ्या शेजारी मातीत फतकल मारून बसली. मी बाकी सगळं झाड खुडून काढलं आणि मधली एक कळी ठेवली, सगळ्यांत टपोरी. हात मांडीखाली दाबून बसले.

"आई, आत कोणता रंग आहे?"

"बघू या हं. आता उमलेल."

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. स्वयंपाकघरात रेडिओ फोनवर कुणाला तरी सांगत होती, पिवळा संपलाय, नारिंगी चालेल का. कळीची भेग रुंदावली. एक पाकळी सुटली. दुसरी सुटली. मी रंग पाहिला. असा रंग आमच्याकडे नाही, आम्ही कधी पेरला नाही, आणि तरी मला वाटलं, हा मी कुठेतरी पाहिला आहे.

शेजारी माती खसखसली. कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखी.

मग माझ्या खांद्यावर हात आला. वरून आला. लहान हात नव्हता. भरलेला, लांब बोटांचा, बाईचा हात. त्याचं वजन होतं. ऊब होती.

"आई," माझ्या डोक्याच्या वरून आवाज आला, समजूतदार, जरासा हसरा. "असू दे आता. सोड."

मी मान वळवली नाही. वळवायला हवी होती का? तो हात माझ्या मुलीचा होता, की तिला न्यायला आलेल्या कुणाचा, हे वळून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि वळून बघितलं असतं तर माझ्या बोटांनी पुढे काम केलं नसतं. तिसरी पाकळी हलली. हात मांडीखालून कधी निघाला, मला सांगता येणार नाही. नखाला नख टेकलं एवढं जाणवलं.

टच.

खांदा हलका झाला.

मग माझ्या गुडघ्यावर मातीनं भरलेला एक चिमुकला पंजा पडला. भिंगरी फतकल मारून बसली होती, गाल गुलाबी, अगदी ठणठणीत. तिनं झाडाकडे पाहिलं, जसं काही पहिल्यांदाच पाहत होती, आणि मग माझ्याकडे.

"आई, आत कोणता रंग आहे?"

"उद्या बघू हं, बाळा," मी म्हटलं.

तिनं शहाण्यासारखी मान डोलावली. उद्याची तिला कधीच घाई नसते.